गौरीपासून

"गौरीपासून," आये म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर थांबलं. त्यांना तारीख हवी होती. तिशीची मुलगी असेल, गळ्यात आयकार्ड, डोळ्यांत राहिलेली झोप. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "गौरी म्हणजे गणपतीतल्या ना? सप्टेंबर?" मी हो म्हटलं. आता मे चाललाय. त्यांनी लिहिलं, आठ महिने. त्यांच्यापुरतं ते तिथे संपलं. पुढचे प्रश्न आले. पाळी जाऊन किती वर्षं झाली, मुलं किती, बाळंतपणं घरी की दवाखान्यात. आये समोरच्या भिंतीकडे बघत उत्तरं देत राहिली, गुरुजींनी उभं केलेल्या पोरीसारखी. मी मात्र त्या एका शब्दापाशीच अडकले. कुठल्या गौरी, ते त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. माझ्या घरच्या गौरी. डोंबिवलीच्या नव्या फ्लॅटमधल्या पहिल्या गौरी. मी माझ्या आईला माझ्या घरातून घालवली, त्या गौरी. आता कुणी म्हणेल, असं कसं, तू काय तिला हाताला धरून बाहेर काढलीस का? नाही काढली. पण शब्दाने काढलं तर ते काढणं नाही का? मला ना, हे असले स्वतःच्या बाजूचे वकील फार लवकर सुचतात. चव्वेचाळीस वर्षं तेच करत आले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, टेबलवर झोपा, तपासू. आयेने दोन्ही मुठींत निऱ्या धरल्या आणि उभीच राहिली. सदुसष्ट वर्षांची बाई. दोन बाळंतपणं घरात, सुईणीच्या हाताखाली काढलेली. आजवर कुठल्या डॉक्टरने तिच्या पोटाला हात लावलेला नाही. नर्स म्हणाली, अहो आजी, इथे सगळ्या बायकाच आहेत. आये माझ्याकडे वळली. "तू भायेर जा, विने." मी म्हटलं, आये, मी थांबते ना, हात धरते. "तू जा," ती म्हणाली, "तुझ्यासमोर नको." मी बाहेर आले. नर्सने हिरवा पडदा ओढला. ठाण्याच्या त्या दवाखान्यातल्या लांबलचक बाकावर, एका गरोदर मुलीच्या आणि एका डबा सांभाळत बसलेल्या माणसाच्या मधे जागा होती, तिथे बसले. पडद्याआडून काही ऐकू येईल म्हणून कान लावून होते, पण आये ओरडणाऱ्यातली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, निदान आठ महिन्यांपूर्वी तरी.

वैशाखात वास्तुशांत झाली तेव्हा भावजयीला, म्हणजे गणूच्या बायकोला, मी जी साडी दिली ती आयेच्या मनाला लागली होती, असं मी धरून चालले होते. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण मानपानाचं कुणी सांगायला लागतं का? ते हवेतच असतं. सुशांतच्या, माझ्या नवऱ्याच्या, मावशीला पैठणीच्या काठाची आणि माझ्या सख्ख्या भावजयीला साधी सिंथेटिक, हे मलाही दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच मी आधीपासून भांडणाच्या तयारीत होते. गौरीला सासूबाईंनी मुद्दाम फोन करून आयेला बोलावलं. विहीणबाई, नैवेद्याला अळूवड्या तुमच्या हातच्या हव्यात. आये आवाहनाच्या दिवशी दुपारच्या एसटीने आली. कल्याणहून दोन तास आत आमची शिरवाडी, तिथून डोक्यावर पाटी, पाटीत अळू, करटुली, एक भोपळा. संध्याकाळी छान हसली, बोलली. टाइल्सवरून हात फिरवून म्हणाली, पाय घसरंल गं बाय इथं. रात्री गौरीच्या समोर बसून सासूबाईंबरोबर कुठल्याशा जुन्या गाण्याच्या ओळी जुळवत होत्या दोघी. आणि सकाळी उठून बघते तर गॅलरीत वॉशिंग मशीनच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय पोटाशी घेऊन बसलेली. आये, अळू धुतलेत, चल ना. "मला बरं नाय." काय होतंय? "काय नाय." बरं नाही आणि काय नाही, दोन्ही एकदम. मी म्हटलं, हे बघा, सुरू झालं.

दिवसभर बसली. पंचवीस माणसं जेवून गेली, ही आत आली नाही. सगळ्यांनी सांगितलं, अहो निदान गौरीच्या पाया तरी पडा, तर तिथूनच, गॅलरीच्या दारातून, हात जोडले. मावशी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, विहीणबाई रागावल्यात वाटतं. मी हसले आणि आतल्या आत जळले. जेवायला वाढायला गेले तर म्हणाली, इथंच दे, वेगळं ताट दे. खाल्लं आणि ताट स्वतः मोरीत नेऊन घासलं, घासून पालथं घातलं, इतर भांड्यांत मिसळलं नाही. वेगळं ताट. मी त्या बाकावर बसून ते ताट पुन्हा पुन्हा बघत होते. गावाकडे मी स्वतः बाराव्या वर्षापासून लग्नापर्यंत महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत असंच ताट घेऊन बसले आहे. असंच पालथं घातलंय. कावळा शिवलाय म्हटलं की बाई कशी बसते, कुठे बसते, कशाला हात लावत नाही, हे मला कुणी शिकवायचं? सगळ्या खुणा माझ्यासमोर मांडलेल्या होत्या. पण सदुसष्टाव्या वर्षी बाईला कावळा शिवेल, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? मला तिथे बाई दिसलीच नाही. मला आईचा रुसवा दिसला, साडी दिसली, मावशीचं तोंड दिसलं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी गॅलरीत गेले आणि म्हटलं, आये, तुला मान पुरला नसेल तर तोंडाने सांग, चार लोकांत असं तोंड फुगवून माझी शोभा करू नकोस. आणि दरवेळी हेच करायचं असेल तर येत नको जाऊस. ती म्हणाली, "बरं." एवढंच. सकाळी मी उठायच्या आत पहिल्या एसटीला गेलेली होती. मला तेव्हा राग आला की बघा, निरोपसुद्धा घेतला नाही.

त्यानंतर मी फोन केला नाही. करीन तर मी विनिता कसली. दर रविवारी सासूबाई विचारायच्या, आईला फोन केलास का गं? कर ना. बोलावून घे चार दिवस. मला वाटायचं, ह्यांचं काय जातंय चांगुलपणा दाखवायला. एकदा तर म्हणाल्या, तू नसशील जात तर मी जाते शिरवाडीला, सुशांतला सांग सोडायला. मी म्हटलं, अहो आई, आमचं मायलेकींचं आहे, आम्ही बघू. एमआयडीसीत ज्या कंपनीत मी काम करते तिथे दिवसभर पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिप पुढे सरकतात आणि एखादा खड्डा रिकामा राहिला की ती स्ट्रिप बाजूला काढायची, हे माझं काम. अकरा वर्षं करतेय. रिकामं काय आहे ते माझ्या डोळ्यांना पटकन दिसतं, असं सुपरवायझर सगळ्यांना सांगतो.

मार्गशीर्षात विकीच्या, भाच्याच्या लग्नाला मात्र गेले, नाहीतर गावाने नावं ठेवली असती. एक दिवसाची पाहुणी होऊन गेले. आये चुलीपुढे होती. लग्नाआधी कुळदेवीचा नैवेद्य आमच्यात घरातल्या थोरल्या बाईने करायचा, ओल्या लुगड्याने, कुणाशी न बोलता. ती धुरात वाकून पुरण हलवत होती. दंड नुसते हाड झालेले. माझ्या मनात काय आलं असेल? माझ्या मनात आलं, अंगात ताकद नाही पण राग धरायला आहे. मी हे आता कुणाला सांगणार? सुशांतला सांगितलं तर तो म्हणेल, तुला कसं कळणार होतं. ह्या वाक्याने मला फार त्रास होतो. मला कळणारच होतं. माझ्याशिवाय कळणार कुणाला होतं?

पडदा सरकला. नर्सने बोलावलं. आये टेबलावरून उतरून साडी नीट करत होती आणि तिचा चेहरा पांढरा, ओठ दातांत धरलेला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. वाईट बोलल्या नाहीत, घाईत बोलल्या नाहीत. गाठ गर्भपिशवीच्या तोंडाशी आहे. तुकडा काढून तपासायला पाठवलाय, पण रिपोर्टची वाट बघायला मी तुम्हाला नुसतं बसवून ठेवणार नाही, कॅन्सरच दिसतोय. मी विचारलं, ऑपरेशन? बाजूला पसरलाय, त्या म्हणाल्या, ऑपरेशनची वेळ गेलीय. किरणांचे शेक द्यावे लागतील, रोज, पाच-सहा आठवडे, सोबत सलाईनमधून औषध. आणि आधी रक्त चढवावं लागेल, अंगात रक्तच नाही. मी विचारलं, गौरीच्या वेळी आणलं असतं तर? हा प्रश्न विचारू नये हे मला विचारतानाच कळत होतं.  "तेव्हा वेगळं झालं असतं," त्या म्हणाल्या. मग लगेच, "पण आता पुढचं बघा. सरकारी योजनेत बसतंय. आधारकार्ड आणि त्यांचं नाव असलेलं रेशनकार्ड, दोन्ही ओरिजनल लागतील. परवापर्यंत आणलंत तर ह्याच आठवड्यात सुरू करू. आता एकेक दिवस मोठा आहे." आधार आयेच्या कमरेच्या पिशवीत होतं. रेशनकार्ड शिरवाडीला, गणूच्या ट्रंकेत.

परत येताना गाडी केली. आयेने बसायच्या आधी पिशवीतून प्लास्टिकचा कागद काढून सीटवर अंथरला, ड्रायव्हरला दिसणार नाही अशा बेताने. ती घाई सराईत होती. आदल्या दिवशी कल्याणच्या डेपोत ती एसटीतून उतरताना पडली, आणि कंडक्टरने तिच्या पिशवीतल्या कागदावरचे नंबर बघून मला फोन लावला, म्हणून ती माझ्या हाती लागली. मी रात्रभर समजत होते की ती माझ्याकडेच येत होती. गाडी शिळफाट्याला अडकली तेव्हा विचारलं, तर हळूहळू एकेक निघालं. गावातल्या आशाताईला तिने जानेवारीत सांगितलं, तेही शेजारणीचं म्हणून सांगितलं. आशाताई म्हणाली, तालुक्याला मंगळवारी बाईडॉक्टर येते, तिला पाठव. मग ही मंगळवार धरून निघायची. घरात सांगायची, डोळं दाखवायला जाते. पहिल्या मंगळवारी बाईडॉक्टर कुठल्या शिबिराला गेलेली. दुसऱ्या मंगळवारी फाट्यावर उन्हात बसून राहिली, एसटी आलीच नाही. तिसऱ्या मंगळवारी नंबर लागला, दार उघडून बघते तर आत पुरुष. "मंग काय," ती म्हणाली, "तसंच मागं फिरले." सून एकदा म्हणाली, सासूबाई, चार चार वेळा जाताय, चष्मा कुठाय? तेव्हापासून मंगळवार बंद झाले. रक्त जायचं ते जात राहिलं. जुन्या लुगड्याच्या घड्या, उजाडायच्या आत ओढ्यावर धुवायच्या, गोठ्याच्या मागे गोधडीखाली वाळवायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमच्याकडे पोरींना शिकवतात. तिने ती मूठ आठ महिने झाकली. आणि ह्या वेळी? "आशाबायनी कल्याणच्या एका बाईडॉक्टरचं नाव लिहून दिलं व्हतं." मी म्हटलं, अगं कल्याणला येत होतीस, तिथून माझं घर रिक्षाने अर्ध्या तासावर. माझ्याकडे का नाही आलीस? तिने माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच नव्हता, टोमणा असता तर मी भांडले असते. "तू येऊ नको म्हणाली व्हतीस ना," ती म्हणाली. पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला काहीही दिसत नव्हतं.

दार सासूबाईंनी उघडलं. आये सरळ गॅलरीत गेली. काल रात्री अंधारात मी तिला पलंगावर निजवलं होतं, अंगात त्राण नव्हतं म्हणून निजली. आज शुद्धीवर होती, तर देव्हारा ज्या खोलीत आहे तिथून जाताना भिंतीला चिकटून गेली आणि त्याच खुर्चीवर बसली. मी कपाळाला हात लावून सोफ्यावर बसले. सुशांत अजून ऑफिसातून आला नव्हता. सासूबाई काही न विचारता आत गेल्या, गॅसवर पाणी ठेवलं, कपाट उघडलं. मग माझ्यासमोरून गॅलरीत गेल्या, एका हातात गरम पाण्याची बादली, दुसऱ्या हातात त्यांच्या जुन्या मऊ कॉटनच्या साडीचे फाडून, शिवून, इस्त्री करून ठेवलेले चौकोनी तुकडे. निदान वीस तरी असतील. मी बघत राहिले. मी त्यांना काल फोनवर एवढंच सांगितलं होतं की आयेला चक्कर आली, डेपोत पडली. आज सकाळी निघताना सांगितलं, रक्त कमी आहे म्हणतात. ह्यापलीकडे एक शब्द नाही. आणि हे तुकडे काही आज फाडलेले नव्हते.

"आई," मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?" त्यांनी बादली खाली ठेवली. सत्तर ओलांडलेली, कधी आवाज न चढवणारी बाई, हात पदराला पुसत नुसती उभी. मी उठून त्यांच्यापर्यंत गेले. "तुम्हाला माहीत होतं का?" त्यांनी आयेकडे बघितलं. आये बादलीतल्या वाफेकडे बघत होती. मग सासूबाई म्हणाल्या, "गौरीच्या दिवशी पहाटे मी उठले तर विहीणबाई मोरीत चादर धूत होत्या. मला बघून एवढ्या घाबरल्या गं. मी म्हटलं, राहू दे, मी मशीनला लावते. चादर मीच धुतली." आणि मला नाही सांगितलं? आठ महिने? तुम्ही शिकलेल्या बाई, पेपर वाचता, तुम्हाला कळत नाही ह्या वयात रक्त जाणं म्हणजे काय? माझा आवाज जिन्यापर्यंत जात असणार. "कळतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला दर रविवारी सांगत होते, बोलाव, बोलाव. त्याहून पुढे मला बोलता येत नव्हतं, विनिता. त्यांनी माझा हात धरून शपथ घातली. माझ्या सुशांतची शपथ." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "रोज पहाटे जातो तो, रात्री येतो. दारात चावी वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्याच्या जिवावरची शपथ मी कशी मोडू? अंधश्रद्धा म्हण, काहीही म्हण. तू मोडली असतीस?"

 सुशांतच्या जिवावरची. मी मोडली असती का? मी त्याला दोन घास जास्त खाल्ले म्हणून नजर काढणारी बाई. मी दिवसभर ज्याला त्याला शोधत होते राग काढायला, त्या मंगळवारच्या डॉक्टरणीला, न आलेल्या एसटीला, गणूच्या बायकोला, आणि इथे दोन म्हाताऱ्या एकमेकींची लाज सांभाळत बसल्या होत्या आणि त्यांच्या मधून माझी आई चाललेली होती. वाईट कुणीच वागलं नव्हतं. वाईट मी एकटी वागले होते, पण मी नीट वागले असते तरी ह्या शपथेपुढे माझं काय चाललं असतं? सासूबाई गॅलरीच्या उंबऱ्यापाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, आता तिला कळलंय सगळं. आता तरी शपथ सुटली म्हणा." आये म्हणाली, "सुटली." सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. एवढंच होतं ते. एक शब्द. आठ महिन्यांत तो कधीही म्हणता आला असता.

मी तोंडावर पाणी मारलं आणि फोन घेतला. आता पुढचं बघा, असं त्या डॉक्टर मुलीने सांगितलेलं, ते मी धरून ठेवलं होतं. म्हटलं, गणूला लावते, रेशनकार्ड घेऊन उद्या सकाळी निघायला सांगते. आये एकदम उभी राहिली. "गणूला नको." म्हटलं, आये, कार्ड त्याच्याकडे आहे. "दुसरं काय सांगून मागव." काय सांगू? घरातलं कार्ड तो मला का देईल, कशाला हवं ते विचारल्याशिवाय? आणि पाच-सहा आठवडे तू इथे राहणार, ते काय सांगू, डोळे दाखवतेय? "मंग नको मला शेक. मला घरी सोड." मी म्हटलं, अगं पोटचा पोर आहे तुझा, त्याला कसली लाज? तेव्हा ती बोलली. ते ती मला कधीच सांगणार नव्हती. "विकीच्या लग्नाचा देवीचा निवद मी केला," ती म्हणाली. "अंगातून जात असताना. समदी बघत व्हती, घरात थोरली मी, मी नाय कसं म्हणणार? ओलं लुगडं नेसले आन् केला. आन् होळीला समृद्धीचं पोट पडलं." विकीची बायको, एकवीस वर्षांची पोर. मला कळलं होतं फोनवरून, मी व्हॉट्सॅपवर काळजी घे म्हणून टाकलं होतं. "ती पोर रोज इचारते, आजी, माझं काय चुकलं असंल? मी तिच्या डोस्क्यावरनं हात फिरवते. माझ्या हाताने झालं ते, विने. गणूला कळलं, सुनेला कळलं, तर मला त्या घरात पाणी कोण देईल?" मी म्हटलं, आये, असं काही नसतं, पोट असं पडत नाही.  मी तिला जे सांगत होते ते रेडिओवर सांगतात तसं होतं, आणि तिने जे केलं होतं ते तिने स्वतःच्या हाताने केलं होतं.  मी सासूबाईंकडे बघितलं, म्हणा ना काहीतरी, पण त्यांनी मान खाली घातली, आणि मला कळलं की त्यांनाही आत कुठेतरी तसंच वाटतंय.

मी गणूचं नाव काढून हिरव्या बटणावर अंगठा ठेवला. आये माझ्यापाशी आली. तिने माझा मोकळा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, घट्ट दाबून धरला. केस विरळ झालेत तिचे, हाताला कवटी लागली, तापलेली. "गणूला सांगशील तर माझं मेलं तोंड बघशील," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली.  खोटं कशाला बोलू, मी घाबरले. पंचवीस वर्षं डोंबिवलीत काढली, कंपनीतल्या बायकांना विज्ञान सांगते, आणि त्या एका वाक्याने माझा अंगठा बटणावरच अडला. कारण ती मरणारच असेल तर? त्या मुलीने डॉक्टर असून खात्री दिली नव्हती. शेक दिले, सगळं केलं, आणि तरी गेली, तर लोक म्हणतील कॅन्सरने गेली, पण आयेला, सासूबाईंना आणि मला माहीत असेल की विनिताने शपथ मोडली. मला ते जन्मभर माहीत राहील, आणि ते खोटं आहे असं सांगणारे माझे सगळे वकील तेव्हा गप्प बसतील. सासूबाई उंबऱ्यावरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आठ महिने जे केलं तेच मी करीन, अशी त्यांना भीती वाटत होती की आशा, मला समजलं नाही.

"नाही सांगितलं तर काय बघणार आहे मी, आये?" मी म्हटलं, आणि अंगठा दाबला.

तिने माझा हात सोडला. तिकडे रिंग वाजत होती. ती मागे सरून खुर्चीवर बसली आणि पदर तोंडावरून ओढून घेतला, अंत्यविधीला बायका बसतात तशी. गणूने उचलला, मागे टीव्हीचा आवाज, "बोल ताई." मी सांगितलं. रक्त सांगितलं, गौरी सांगितल्या, कॅन्सर सांगितला, काही झाकलं नाही. आणि सांगत असताना मी बघत होते, पदराखाली ती श्वास घेतेय का.  मागचा टीव्हीचा आवाज बंद झाला. त्याने विचारलं, "आये कुठं हाय? दे तिला." मी फोन पुढे केला. तिने पदर काढला नाही, हात पुढे केला नाही. मी म्हटलं, ती नाही बोलत, तू उद्या पहिल्या एसटीने निघ, रेशनकार्ड ट्रंकेत आहे ते घे, ओरिजनल घे, झेरॉक्स चालत नाही.